सगळ्या स्प्राइट्सना एकच पॅलेट लावायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेमच्या स्प्राइट्सच्या (पात्रं, वस्तू यांच्या छोट्या चित्रांच्या) ३०० पीएनजी फाइली ३२ रंगांच्या एकाच पॅलेटवर, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या यादीवर, आणायच्या आहेत. इमेजमॅजिक या कमांड देऊन चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘कलर्स ३२’ चालवलं, पण प्रत्येक फाइलचे रंग वेगळे आले आणि कडांना ठिपके पडले.

‘कलर्स’ प्रत्येक चित्र सुटं बघतं आणि त्याच्यापुरतं नवं पॅलेट बनवतं. तुम्हाला हवा आहे ‘रीमॅप’, तो दिलेल्या पॅलेटमधलेच रंग वापरतो. त्यासाठी पॅलेटचीच एक पीएनजी करा: एक ओळ, ३२ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला एक रंग. ती जेपीजीत ठेवू नका, रंग बदलतात. पॅलेट अजून ठरलंच नसेल तर मुख्य स्प्राइट्स एकाच चित्रात जोडून घ्या, त्यावर ‘कलर्स ३२’ आणि मग ‘युनिक-कलर्स’ चालवा. तयार पट्टी मिळेल. ती मात्र हाताने तपासाच, कारण डोळ्यातली चमक किंवा कपाळावरची टिकली अशा दोन-चार पिक्सेलच्या रंगांचा यात हमखास बळी जातो.

ठिपके येतात ते डिदरिंगमुळे. जवळचा रंग निवडल्यावर उरलेला फरक शेजारच्या पिक्सेलवर ढकलला जातो. फोटोत ते चांगलं दिसतं, १६ बाय १६ च्या स्प्राइटमध्ये नुसता कचरा होतो. ‘डिदर’ पर्यायाच्या आधी उण्याऐवजी अधिक चिन्ह लावलं की ते बंद होतं. पण हे ‘रीमॅप’च्या आधी लिहायचं, नंतर लिहून उपयोग नाही.

बाकीच्या कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. फाइलींमध्ये अ‍ॅडोबी आरजीबीसारखं प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) असेल तर आधी नेहमीच्या एसआरजीबीत बदला आणि मगच ‘स्ट्रिप’ने प्रोफाइल काढा. नुसतं काढून टाकलं तर रंग फिके दिसतात आणि रीमॅप चुकीचा रंग उचलतं. मग फक्त अल्फा चॅनेलवर, म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीवर, ५० टक्के थ्रेशोल्ड (उंबरठा) लावून अर्धपारदर्शक कडा साफ करा. आकार बदलायचा असेल तर ‘रिसाइझ’ऐवजी ‘सॅम्पल’ वापरा, कारण रिसाइझ दोन रंगांच्या मधले नवे रंग तयार करतं. रीमॅप सगळ्यात शेवटी.

‘मॉग्रिफाय’ (इमेजमॅजिकची अनेक फाइली एकदम बदलणारी कमांड) मूळ फाइलीवरच लिहितं. ‘पाथ’ देऊन निकाल दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवा, आणि ते फोल्डर आधी बनवून ठेवा.

आता खरा मुद्दा. तुमच्या गेममध्ये पॅलेट-स्वॅप आहे का, म्हणजे त्याच स्प्राइटचा लाल शत्रू, निळा शत्रू वगैरे? असेल तर रंग बरोबर असून भागत नाही, प्रत्येक रंगाचा पॅलेटमधला क्रमांकही सगळ्या फाइलींत तोच हवा. इमेजमॅजिकच्या पीएनजीत त्या क्रमाची खात्री धरू नका. इथे मी एसप्राइट हे पिक्सेल-आर्टचं सॉफ्टवेअर सुचवेन. ते कमांड लाइनवर बॅच मोडमध्ये चालतं. आधी फाइलचं नाव, मग पॅलेट, मग कलर मोड इंडेक्स्ड (पिक्सेलमध्ये रंगाऐवजी पॅलेटमधला क्रमांक ठेवणारा), शेवटी सेव्ह, असा क्रम ठेवा. दोन खाचखळगे आहेत. इंडेक्स्ड मोडमध्ये शून्य क्रमांक सहसा पारदर्शकतेचा असतो, म्हणून पॅलेटची पहिली जागा त्यासाठी सोडा. आणि फाइलींची नावं आकड्यांनी संपत असतील तर ते त्यांना अ‍ॅनिमेशनच्या फ्रेम समजू शकतं. ‘वनफ्रेम’ पर्याय दिला की एकच फाइल उघडते.

थोड्याच फाइली असतील तर गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे: इमेज, मोड, इंडेक्स्ड, कस्टम पॅलेट. तिथली ‘न वापरलेले आणि दुहेरी रंग काढून टाका’ ही खूण आधीच लावलेली असते, ती काढा. नाहीतर ज्या चित्रात हिरवा नाही तिथे हिरव्यानंतरचे सगळे क्रमांक सरकतात.

मूळ पॅलेट गिम्पच्या जीपीएल फाइलमध्ये ठेवा. ती साधी मजकुराची फाइल आहे, एका ओळीत लाल-हिरवा-निळा यांचे आकडे आणि रंगाचं नाव. गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) कोणता रंग कधी बदलला ते लगेच दिसतं आणि एसप्राइटही ती उघडतं.

शेवटी इमेजमॅजिकच्या ‘आयडेंटिफाय’ला फॉरमॅटमध्ये टक्के-के (%k) देऊन सगळ्या फाइलींमधल्या रंगांची संख्या काढा. पारदर्शकतेचा एक धरून ३३ च्या वर आकडा दिसला तर त्या फाइलीवर रीमॅपनंतर काहीतरी चाललं आहे, बहुतेक वेळा रिसाइझच.