थंडीत ट्रक पहाटे स्टार्ट होत नाही, ब्लॉक हीटर बसवू का?

दादा, तुम्ही चिकोडीहून विचारलंय की ऊस ओढणारा जुना ट्रक पहाटे पाचला पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, मग कॅनडातल्या गाड्यांना असतो तसला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, बसवावा का आणि रात्रभर प्लगला लावून ठेवला तर चालेल का. मी खानापूर तालुक्यातला, घरचे दोन ट्रक आहेत, म्हणून सरळ सांगतो, पैसे घालवू नका.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनचा लोखंडी सांगाडा, बर्फासारखा गार असला की ती उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. पण बर्फासारखा म्हणजे खरंच उणे १५, उणे २० वगैरे. आपल्या भागात कितीही हुडहुडी भरली तरी पारा १०-१२ च्या आसपास असतो ओ, तेवढ्यात चांगलं इंजिन एका सेल्फात उठायलाच पाहिजे. थंडी फक्त आत लपलेला बिघाड बाहेर काढते.

माझी एक गाडी दोन हिवाळे अशीच छळत होती. ड्रायव्हर पहाटे काकडा पेटवून चेंबरखाली (इंजिनच्या ऑइलच्या भांड्याखाली) धरायचा, एकदा वायरिंगचं कव्हर वितळलं तेव्हा मी ते कायमचं बंद केलं, तुम्हीपण कुणाला करू देऊ नका, डिझेलची टाकी हातभर अंतरावर असते. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत उठणार नाही या भीतीनं रात्रभर इंजिन चालूच ठेवायचो, त्यात डिझेल किती गेलं असेल. शेवटी मिस्त्रीनं फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधी एक पारदर्शक नळी जोडून सेल्फ मारायला लावला, तर आत बुडबुड्यांची रांग. टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या बोल्टाचं तांब्याचं वॉशर एका बाजूनं झिजलेलं, भोवती डिझेलनं ओली झालेली काळी धूळ चिकटलेली. तिथून हवा घेऊन रात्रभरात लाइनीतलं डिझेल मागं टाकीत उतरायचं. दोन वॉशर बदलली, दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फात गाडी सुरू.

म्हणून आधी हँड प्राइमर, म्हणजे लाइनीत हातानं डिझेल भरायचा छोटा पंप, दाबून बघा, सुरुवातीला मोकळा जातोय, मग घट्ट होतोय आणि त्यानंतर लगेच उठली तर लाइनीत एअरच. सेल्फच जड फिरतोय तर बॅटऱ्या, टर्मिनल आणि अर्थची वायर बघा, २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना मीटर १९ च्या खाली गेला तर तिथंच घोळ आहे. सेल्फ जोरात फिरतोय आणि नुसता पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाही, मग नोझल (डिझेल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन (हवेचा दाब), बारक्या गाडीला हीटर प्लग (आतली हवा तापवणारा).

आता ब्लॉक हीटरचं. माझा भाचा कॅनडातल्या अल्बर्टात ट्रक चालवतो, तिकडं उणे ३० म्हणजे नेहमीचं, त्याच्या गाडीच्या जाळीतून प्लगची वायर बाहेर लोंबत असते. हीटर ब्लॉकच्या वेल्च प्लगच्या (ब्लॉकच्या भोकावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) जागी बसतो आणि कूलंट गरम करतो, मोठ्या गाडीला साधारण १००० ते १५०० वॅटचा. निघायच्या तीन-चार तास आधी टायमरवर सुरू झाला की बास, त्यापुढं कूलंट फारसं तापत नाही, नुसतं बिल वाढतं, म्हणून तेपण रात्रभर लावत नाहीत. कूलंट कमी असलं किंवा हवा अडकली तर एलिमेंट जळतं. आणि तिकडचा हीटर मागवायचा विचार असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की साडेतीनपटीपेक्षा जास्त वॅट ओढणार, म्हणजे गेलाच, वर आगीची भीती.

कधी लडाखचं भाडं मिळालं तर गोष्ट वेगळी, तिथं हीटर उपयोगी. पण तो टाकीतलं डिझेल तापवत नाही, मेण गोठून फिल्टर तुंबतो तो तुंबतोच, त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल काढलंय ते भरायचं. रॉकेल मिसळायचा जुना उपाय नव्या बीएस-६ गाडीत अजिबात करू नका.

उद्या पहाटे सेल्फ मारायच्या आधी प्राइमर दाबा, आणि सेल्फ जड की हलका, धूर कसला, एवढं मला इथं लिहा की, त्यावरून पुढचं सांगतो.