दवाखान्याच्या सल्लागार गटात साध्या माणसानं जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीतल्या ज्या दवाखान्यात तुमच्या वडिलांवर उपचार झाले, तिथे रुग्ण आणि नातेवाइकांचा सल्लागार गट निघतोय आणि तुम्हाला त्यात बोलावलंय. तुम्ही डॉक्टर नाही, बारावीनंतर दुकान सांभाळता. मग तिथे जाऊन आपण काय बोलणार, आणि बोललो तरी काही बदलतं का?

जा, नक्की जा. मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते, निवृत्तीनंतर बेळगावात राहते. इथल्या एका दवाखान्याच्या अशाच गटात मला आता तीन वर्षं होतील. वैद्यकीय शिक्षण माझंही नाही. घरच्या माणसांच्या उशाशी बसून रात्री काढल्यात, तेवढ्या शिदोरीवर मी तिथे गेले. ती पुरते, हे एका गोळीवरून सांगते.

माझ्या सासूबाई जांबोटीकडच्या. सगळं आयुष्य मराठीत गेलं. कन्नड येतं ते बाजारापुरतं, आकडे आणि भाव कळण्याइतकं. साखर वाढली म्हणून त्यांना चार दिवस ॲडमिट केलं होतं. ही मी गटात यायच्या आधीची गोष्ट, दवाखानाही दुसरा. घरी सोडताना सौंदत्तीकडच्या एका तरुण सिस्टरनं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि प्रेमानं सांगितलं, "अज्जी, ई गुळगी एरडू होत्तू तगोरी." म्हणजे ही गोळी दोन वेळा घ्या, सकाळी एक, रात्री एक. सासूबाईंना 'गुळगी' कळलं, 'एरडू' कळलं. 'होत्तू' म्हणजे वेळ, ते मात्र कळलं नाही. त्यांनी मान डोलावली. मी तेव्हा बिलाच्या खिडकीपाशी रांगेत होते.

घरी आल्यावर त्या रोज सकाळी दोन गोळ्या एकदम घेत होत्या. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी एकादशी आली. पोटात फक्त चहा, आणि वर त्या दोन गोळ्या. अकराच्या सुमाराला अंगणात होत्या, झाडू हातातच राहिला आणि मटकन खाली बसल्या. कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरतायत, माझ्याकडे बघतायत पण हाक मारतायत त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं. शेजारच्या वहिनींनी साखरपाणी केलं, चमच्यानं पाजलं, मग हळूहळू नजर जागेवर आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पाकीट मागून घेतलं, गोळ्या मोजल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

त्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिनं बरोबरच सांगितलं होतं, आणि आपुलकीनं सांगितलं होतं. पण समोर पांढऱ्या कपड्यातलं माणूस उभं असलं की आपली म्हातारी माणसं न कळताही मान डोलावतात, हे तिला कोण सांगणार? एकादशीचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. पेशंट गेटबाहेर पडला की पुढचं दवाखान्याला दिसत नाही. ते तुम्हाला आणि मला दिसतं, कारण ते आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात घडतं. तुमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे असं विचारताय ना, ते हे.

गटाच्या पहिल्या बैठकीला मी ते रिकामं पाकीट पर्समध्ये घालून नेलं होतं. ही गोष्ट सांगितली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. आज आमच्या दवाखान्यात औषधाच्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढतात, आणि त्यांच्यापुढे जितक्या गोळ्या तितके टिंब. त्याहून मोलाचं म्हणजे सिस्टर पेशंटकडून वदवून घेतात, "आजी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा बघू." उपवास करता का, रोजे धरता का, हेही विचारतात. गर्दीच्या दिवशी अजूनही राहून जातं, ते आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा काढतो.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यांचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत बॉस्टनला डेना-फार्बर ही कॅन्सरवरची नावाजलेली संस्था आहे. 1994 मध्ये तिथे बेट्सी लेहमन ही 39 वर्षांची पेशंट औषधाचा डोस जास्त झाल्यानं गेली. ती स्वतः 'बॉस्टन ग्लोब' वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहायची. चार दिवसांत मिळून जेवढं औषध द्यायचं, तेवढं तिला चारही दिवस रोज दिलं गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सासूबाईंचं पाकीट आठवलं. आकडा बरोबर होता, वेळेचा हिशोब चुकला होता, आणि तोही तज्ज्ञांच्या हातून. त्या संस्थेनं पुढे रुग्ण आणि नातेवाइकांनाच सल्लागार म्हणून आत घेतलं. 2008 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदाच केला की प्रत्येक इस्पितळात अशी परिषद हवी, आणि पुढे त्या कायद्याच्या नियमांत आलं की तिच्यात निदान निम्मी माणसं रुग्ण किंवा त्यांच्या घरची हवीत. हे 'निम्मी' लक्षात ठेवा. तुमच्या गटात बारा जण असतील आणि त्यातले दहा दवाखान्याचेच असतील, तर पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा की आमच्या बाजूची माणसं वाढवता येतील का.

तुमचा दवाखाना सरकारी असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. आपल्या देशात नव्वदच्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयापासून रोगी कल्याण समितीची सुरुवात झाली, आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती सगळीकडे गेली. आपल्या कर्नाटकात तिला आरोग्य रक्षा समिती म्हणतात. तुमचा नवा गट जे सांगेल ते या समितीपुढे जाणार का, आणि कोण नेणार, हे आधी स्पष्ट करून घ्या. अशा समित्यांत लोकप्रतिनिधी असतात, अधिकारी असतात, पैशाचे आणि खरेदीचे विषय होतात. ते व्हायलाच हवेत. पण पेशंटच्या उशाशी बसणारी बाई तिथे क्वचित असते, आणि तिचं म्हणणं आत न्यायचं काम तुमच्या गटाचं आहे.

आता बोलायचं कसं. "इथे कुणी लक्ष देत नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच स्वतःचा बचाव करायला लागतो, आणि तुमची बैठक तिथेच संपते. त्याऐवजी एक प्रसंग न्या, घड्याळासकट.

आमच्या गटात वडगावचे एक मागवाले काका आहेत, साड्या विणणारे. त्यांनी एकदा काय केलं, कणकुंबीकडच्या एका कुटुंबाच्या परवानगीनं त्यांच्याबरोबर अख्खा दिवस बसून राहिले, वहीत वेळ लिहीत. सव्वानऊला राउंडला डॉक्टर म्हणाले, आज घरी जा. घरच्यांनी दहाच्या आत पिशव्या भरल्या, चादर घडी केली, पेशंटला साडी नेसवली. मग फाईल सिस्टरच्या टेबलावर साडेबारापर्यंत. डिस्चार्ज कार्ड लिहिणारे शिकाऊ डॉक्टर ओपीडीत अडकलेले. दोनला कार्ड झालं, मग औषधं परत करायची, मग योजनेची मंजुरी, मग बिल. गेट पास हातात पडला पावणेसहाला. तोवर बिचारी पेशंट बाई साडी नेसून पलंगाच्या कडेला बसलेली, कारण त्या पलंगासाठी दुसरा पेशंट स्ट्रेचरवर बाहेर आणून ठेवलेला. त्यांची वस्तीची बस चुकली. जुलै महिना, तिकडचा पाऊस तुम्ही ऐकून असालच. ऑपरेशन झालेल्या बाईला घेऊन ती माणसं रात्रभर स्टँडवर बसली.

काकांनी बैठकीत फक्त वही वाचून दाखवली. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. खोलीत कुणी बोलेना. बिल विभागाच्या बाईच पहिल्यांदा म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं उशीर आमच्याकडे होतो, म्हणून आम्ही घाई करायचो. फाईल आमच्यापर्यंत यायलाच दोन वाजून जातात हे आज कळलं." त्यानंतर ठरलं की उद्या कुणाला सोडायचंय याचा अंदाज आदल्या संध्याकाळीच घ्यायचा, कार्ड रात्रीच लिहून ठेवायचं, आणि केस पेपरवर गाव लांबचं दिसलं, मग ते खानापूरच्या जंगलातलं असो, चंदगडकडचं असो की सौंदत्तीकडचं, तर त्या फाईली आधी काढायच्या. पूर्ण जमलेलं नाही. योजनेची मंजुरी आमच्या कुणाच्या हातात नाही, तिथे अडकतंच. पण दुपारच्या गाडीनं घरी जाणारी माणसं मी आता डोळ्यांनी बघते.

भाषेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सीमाभागात राहून हा विषय टाळता येत नाही. मी मराठी आहे, मराठीच शिकवली, आणि दवाखान्यात आपल्या माणसाला आपल्या भाषेत कळलं पाहिजे यावर मी ठाम आहे. पण बैठकीत हा विषय मी पाटीपासून सुरू करत नाही, पेशंटपासून करते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2018 मध्ये रुग्णांच्या 17 हक्कांची सनद तयार केली. आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असं तिच्यात आहे. त्यात मराठीही आली, कन्नडही आली, उर्दूही आली. आमच्या गटात गोकाकचे एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, कन्नड बोलणारे. घरी गेल्यावर घ्यायची काळजी एकाच कागदावर डावीकडे कन्नड आणि उजवीकडे मराठी अशी छापावी, ही सूचना त्यांनीच मांडली. माझ्या तोंडून ती आली असती तर कदाचित दुसराच रंग चढला असता. मराठी मजकूर मी लिहिला, आणि कागद छापायच्या आधी वॉर्डातल्या चार बायकांना वाचायला दिला. 'जखम कोरडी ठेवा' याचा अर्थ एकीनं आठ दिवस अंघोळच करायची नाही असा घेतला. मग आम्ही ते वाक्य बदललं. तुम्हीही छापण्याआधी असं वाचून घ्या, शिकलेल्या माणसाकडून नको, ज्याच्यासाठी कागद आहे त्याच्याकडून.

दोन गोष्टी कडकपणे पाळा. वॉर्डात जे दिसेल, ऐकू येईल, ते घरी नवऱ्याला-बायकोलाही सांगायचं नाही. आपल्याकडे गावं लहान, कुणाची सून कशासाठी ॲडमिट आहे हे बाहेर पडलं तर त्या मुलीचं जगणं अवघड होतं. आणि तुम्ही गटात आहात हे कळलं की ओळखीची माणसं फोन करतील, बेड मिळवून द्या, बिल कमी करून घ्या. मला रात्री अकराला फोन आलेत. नाही म्हणताना जीव तुटतो, पण एकदा का आपण कुणासाठी शब्द टाकला की बैठकीत आपल्या बोलण्याला वजन राहत नाही. तक्रार कुठे नोंदवायची, कुणाला भेटायचं, ते सांगा आणि तिथेच थांबा.

सगळंच ऐकतात असं नाही. नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला एक खोली आणि बायकांसाठी कडी लागणारी अंघोळीची जागा, हे मी पहिल्या वर्षापासून मागतेय. जागा नाही, हे उत्तर दर वेळी मिळतं. पावसाळ्यात जिन्याखाली पोतं अंथरून बसलेल्या बायका बघून मला फार वाईट वाटतं, आणि म्हणून मी तो विषय दर बैठकीला पुन्हा लिहून देते. टिपणात नोंद होते. ती नोंद व्हायलाच हवी असा आग्रह तुम्हीही धरा: कोणती सूचना आली, कोणी काय करायचं ठरलं, पुढच्या वेळी त्याचं काय झालं.

निपाणीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण मी तुमच्या जागी असते तर पहिल्या बैठकीच्या आधी विड्या वळणाऱ्या चार-पाच बायकांना जाऊन भेटले असते. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणजे ओपीडीच्या रांगेत गेलेली सकाळ ही सरळ बुडालेली कमाई. खोकला महिनोन्‌महिने अंगावर का काढता, असं त्यांना डॉक्टर विचारतात. दवाखान्याची कुठली वेळ सोयीची पडेल, हे त्यांना कुणी विचारलंय का ते बघा. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या आणि बैठकीत वाचून दाखवा.