प्रोजेक्ट ठिबकच्या व्हॉल्व्हवर करता येईल, पण नोकरीचं काय?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरांनी तिला रिअल-टाइम सॉफ्टवेअरचं, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम करावं लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मॉडेल करून तपासण्याचा प्रोजेक्ट सुचवलाय. त्यापेक्षा तिनं पुण्याला वेब डेव्हलपमेंटचा कोर्स करावा, असं तुम्हाला वाटतं. रावेरला केळीच्या बागेत ऑटोमॅटिक ठिबक आहे, असंही तुम्ही लिहिलंय. मग तेच उदाहरण घेऊ.

रात्री लाइट आली की मोटर सुरू होते. पहिल्या व्हॉल्व्हची पाळी संपली की कंट्रोलर दुसऱ्याला उघडायचा हुकूम देतो, १० सेकंद थांबतो आणि पहिला बंद करतो. पण हुकूम मिळाल्यावर व्हॉल्व्हला उघडायला ८ ते १२ सेकंद लागत असतील तर? ज्या रात्री १२ लागतील, त्या रात्री दोन सेकंद दोन्ही वाटा बंद आणि मोटर चालू. दाब वाढून पाईप फुटू शकतो. शंभर वेळा चालवून पाहिलं तरी ही चूक दिसेलच असं नाही. सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून पाहणं, एका वेळी एकच वाट चालून दाखवतं, तर मॉडेल चेकर हे तपासणीचं सॉफ्टवेअर मॉडेलमधल्या सगळ्या शक्यता धुंडाळतं आणि चूक असेल तर ती घडवणारी पायरीन् पायरी समोर ठेवतं.

यासाठी 'उप्पाल' हा मॉडेल चेकर तिनं घ्यावा. स्वीडनमधलं उप्साला आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी ते १९९५ मध्ये आणलं. शिक्षणासाठी ते फुकट आहे. 'स्पिन' हे दुसरं साधनही चांगलं आणि पूर्ण मोफत, पण त्यात मुळात वेळ मोजणारी घड्याळं नाहीत, म्हणून इथे उप्पालच बरं. मोटर, दोन व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर असे चार ऑटोमॅटा (प्रत्येकाच्या अवस्था आणि त्या कधी बदलतात याचे आराखडे) पुरेत. अट एकच: मोटर चालू असताना दोन्ही व्हॉल्व्ह कधीही एकदम बंद नसावेत.

मुलं हमखास कुठे अडकतात, तेही सांगतो. 'उघडतोय' या अवस्थेवर 'घड्याळ १२ च्या आत' ही मर्यादा लिहायची राहते. मग व्हॉल्व्ह त्याच अवस्थेत कायमचा बसून राहू शकतो आणि चेकर खोटीच चूक दाखवतो. याच्या उलटही होतं: अट 'खरी' निघते, कारण मॉडेलमध्ये मोटर कधी सुरूच होत नाही! म्हणून 'मोटर चालू होऊ शकते का' आणि 'मॉडेल कुठे अडकून पडतं का' हे दोन प्रश्न आधी विचारावेत. मॉडेलमध्ये पाण्याची टाकीही घेतली आणि तिच्यातलं पाणी लिटर-लिटरनं मोजायला गेली तर अवस्था इतक्या वाढतील की मेमरी पुरणार नाही. रिकामी, अर्धी, भरलेली एवढ्या तीन पातळ्या बास.

आता नोकरीचं. फक्त या विषयाच्या नावानं फ्रेशरला सॉफ्टवेअरमध्ये जागा फार थोड्या आहेत, हे मान्यच करायला हवं. पण हीच विचारपद्धत पुण्यातल्या वाहनउद्योगात सिम्युलिंक-स्टेटफ्लो या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या कामात लागते, बेंगळुरूच्या चिप डिझाइनमध्ये लागते आणि रेल्वे सिग्नलिंगमध्येही लागते. भुसावळहून येता-जाता गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिची सुरक्षा-पातळी (इंग्रजीत 'सिल') सिल-४, म्हणजे सर्वांत वरची. रेल्वे सॉफ्टवेअरच्या ईएन ५०१२८ या युरोपीय मानकानं (२०२३ मध्ये त्याच्या जागी ईएन ५०७१६ आलं) सिल-३ आणि सिल-४ साठी अशा औपचारिक, म्हणजे गणिती पायावरच्या, पद्धतींची जोरदार शिफारस केली होती. पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या मेट्रोचं सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअर १९९८ मध्ये अशाच एका पद्धतीनं, 'बी मेथड'नं, तयार झालं.

तेव्हा प्रोजेक्ट जरूर करू द्या, पण जोडीला प्रोग्रामिंगची सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलर (यंत्रात बसणारी छोटी कंट्रोल-चिप) पक्के हवेत. वेबचा कोर्स पुढेही करता येईल. एम.टेक.चा विचार असेल तर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि ऑटोमॅटा हे विषय गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या) अभ्यासक्रमात आहेतच, ती मेहनत वाया जात नाही.

सुट्टीत घरी आली की तिला तुमचे व्हॉल्व्ह उघडायला किती सेकंद लागतात ते दहा-बारा वेळा मोजायला लावा, पूर्ण दाबावर आणि कमी दाबावरही. मॉडेलमध्ये अंदाजाचे ८ आणि १२ न घालता तेच आकडे घालायचे.