नुसतं ‘गट सी’ लिहून थांबू नकोस

प्रिय,

मेनिंगोकॉकसचे (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जीवाणू) नमुने आता तुझ्या हाताखालून जाणार, तर आधी एक गोष्ट पक्की कर: सीरोग्रुप म्हणजे वंश नव्हे. ए, बी, सी असा हा गट फक्त कॅप्सूल, म्हणजे जीवाणूभोवतीचं साखरेचं आवरण, सांगतो, आणि हा जीवाणू आजूबाजूच्या नायसेरियांचा (त्याच्याच कुळातल्या जीवाणूंचा) डीएनए सर्रास उचलतो. त्यात कॅप्सूलची जनुकंही येतात.

नायजरचंच बघ. पुण्यात तयार झालेली मेनआफ्रिव्हॅक ही ए गटाविरुद्धची लस तिथे २०१० च्या अखेरीस पोचली आणि ए गट जवळपास दिसेनासा झाला. २०१५ ला सीची मोठी साथ आली. सी म्हटलं की जगभर फिरलेला एसटी-११ (एसटी म्हणजे सीक्वेन्स टाइप, जनुकांवरून दिलेला क्रमांक) आठवतो, पण हा निघाला एसटी-१०२१७: घशात निमूट राहणाऱ्या, कॅप्सूल नसलेल्या वंशाने ती जनुकं मिळवून तयार झालेला.

सीएसएफ (पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी) फ्रिजमध्ये ठेवू नकोस, जंतू मरतात. शक्यतो तासाभरात चॉकलेट अगारवर (जंतू वाढवायचं माध्यम) लाव, ३५ ते ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. जिवंत कल्चर बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायचं, यात सवलत नाही. डीएनए एकाच कॉलनीपासून वाढवलेल्या कल्चरमधून काढ.

एसटी ठरवणाऱ्या एमएलएसटी पद्धतीत सात जनुकं बघतात. अॅलीलमध्ये, म्हणजे जनुकाच्या त्या रूपात, डीएनएचं एक अक्षर बदललं तरी नवा क्रमांक, दहा बदलली तरी एकच नवा क्रमांक. हे विचित्र वाटेल, पण मुद्दाम केलंय: रिकॉम्बिनेशनच्या (बाहेरचा डीएनए तुकडा जीनोममध्ये बसण्याच्या) एका झटक्यात दहा बदल एकदम येतात, ते दहा वेगळ्या घटना म्हणून मोजायचे नसतात. म्हणूनच एसएनपीवरून (एकेका अक्षराच्या फरकांवरून) वंशवृक्ष काढताना रिकॉम्बिनेशनचे पट्टे आधी गाळ (गबिन्स हे सॉफ्टवेअर वापर), नाहीतर फांद्या उगाच लांबतात.

नवा अॅलील दिसला तर लगेच हुरळू नकोस. कच्चे रीड्स (सीक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे तुकडे) उघडून त्या जागेची खोली, म्हणजे ती किती रीड्समध्ये वाचली गेली, ते बघ, मगच पबएमएलएसटी या अॅलीलच्या डेटाबेसला पाठव. बी गटाच्या कॅप्सूल जनुकात डीएनएच्या सी (सायटोसिन) अक्षरांची सलग रांग असते. तिची लांबी बदलली की जनुक खरोखरच बंद पडतं, पण मोजणीत सीक्वेन्सरही चुकतो. तिथे स्लाइड अॅग्लुटिनेशनचा (अँटिसीरमने जंतूंच्या गुठळ्या होतात का ते बघणाऱ्या चाचणीचा) निकाल शेजारी ठेव. डब्ल्यू की वाय, हे तर कॅप्सूल बांधणाऱ्या पॉलिमरेजच्या ३१० व्या अमिनो आम्लावर ठरतं, तेव्हा ती जागा स्वतः तपास.

अहवालात सीरोग्रुप, पोरए आणि फेटए (बाह्य पटलावरच्या दोन प्रथिनांचे प्रकार), एसटी आणि क्लोनल कॉम्प्लेक्स (जवळच्या एसटींचा गट) वेगवेगळे लिही. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधून रकाना भरू नकोस. निकाल नसेल तर रिकामा सोड.