शिक्षक कोण, याने फरक पडतो का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दुसरीत आहे. तिच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा भारतीय. शिक्षक मात्र जवळपास सगळे गोरे. पालकसभेत काहीजण म्हणाले, "चांगलं शिकवतात ना, मग रंग कशाला बघायचा?" खरंच फरक पडतो का? मुलीसाठी भारतीय शिक्षिका मागता येईल का?

उत्तर : पडतो, आणि तो मोजलेला आहे. टेनेसीत १९८५पासून चार वर्षं बालवाडी ते तिसरीची मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वर्गांत वाटली होती. प्रयोग पटसंख्येचा होता, पण कुणाला कोण शिक्षक मिळेल हेही नशिबावर गेलं आणि संशोधकांना आयती तुलना मिळाली. तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं बारावी पूर्ण करण्याचं प्रमाण इतर कृष्णवर्णीय मुलांपेक्षा १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याचं १९ टक्क्यांनी जास्त निघालं.

यामागे बरंचसं अपेक्षेचं काम असावं. एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांना विचारलं, तर 'हा पदवीपर्यंत जाईल' असं गोरे शिक्षक कमी वेळा म्हणतात. गिफ्टेड वर्गासाठी, म्हणजे जास्त हुशार मुलांच्या खास वर्गासाठी, नावं शिक्षकांनीच सुचवायची असतील, तर हे थेट आड येतं. म्हणून सभेत आधी मागा ती सरसकट सगळ्या मुलांची चाळणी परीक्षा. फ्लोरिडातल्या एका मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टने ती सुरू केल्यावर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची निवड वाढली. पैशांअभावी बंद पडताच पुन्हा घसरली.

भरतीचं दुखणं जुनं आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९५४च्या निकालाने वंशानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, पण दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना घरी बसवलं गेलं. आज कपात आली की अनेक ठिकाणी शेवटी लागलेला आधी जातो, आणि नव्याने लागलेल्यांत कृष्णवर्णीय शिक्षक तुलनेने जास्त असतात. कपातीत वंश पाहून संरक्षण देणं सुप्रीम कोर्टाने १९८६मध्ये फेटाळलं आहे. त्यामुळे स्कूल बोर्डाकडे वेगळं काही मागावं लागतं: शाळेतल्या मदतनीसांना शिक्षक होण्यासाठी पदवी आणि लायसन्सची फी, आणि सराव-अध्यापनाच्या काळात पगार. बिनपगारी सत्र परवडत नाही म्हणून अनेकजण तिथेच गळतात.

मुलीसाठी वंशावरून शिक्षिका मागू नका. शाळेला वंश पाहून वर्ग वाटता येत नाहीत. शिवाय वरचे आकडे कृष्णवर्णीय मुलांचे आहेत, ते आपल्या मुलांना तसेच चिकटवू नयेत. आपल्याकडची अडचण बऱ्याचदा उलटी असते: 'भारतीय आहे, हुशार असणारच' म्हणून वाचनातली अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढच्या वर्षीचे वर्ग ठरण्याआधी, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, ती कुठे अडते आणि कशा शिकवण्याने खुलते हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.