वाचक विचारतात : कणांवरची अँटिबॉडी गळून का जाते?

प्रश्न : मॅडम, मी एम. फार्म.ला आहे. औषध भरलेल्या पीएलजीए या पॉलिमरच्या सूक्ष्मकणांवर ईडीसी-एनएचएस ही जोडणारी रसायनं वापरून अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्य ओळखून त्याला धरणारं प्रथिन) जोडते. धुतल्यावर प्रथिन भरपूर दिसतं. पण कण प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) ठेवले की निम्म्याहून जास्त गळून जातं. कुठं चुकतंय? – विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : माझा पहिला संशय असा, की तुझी अँटिबॉडी रासायनिक बंधानं जोडली गेलेलीच नाही, नुसती चिकटली आहे. पीएलजीए पाण्याशी फटकून वागणारं पॉलिमर आहे. माळरानातून चालताना कपड्यांना कुसळं लागावीत, तशी प्रथिनं त्याला आपसूक चिकटतात. साध्या धुण्यानं ती सगळी सुटत नाहीत. प्लाझ्मातली प्रथिनं मात्र त्यांना हुसकावून जागा घेतात.

म्हणून एक बॅच ईडीसी न घालता कर, बाकी सगळं जसंच्या तसं. दोन्हीत प्रथिन सारखंच आलं, तर रासायनिक बंध झालेला नाही. ही तुलना केल्याशिवाय प्रबंधात आकडा लिहू नकोस, बाळ. उद्या तो आकडा खरा मानून कुणीतरी उंदरांवर प्रयोग करेल.

मग पॉलिमरची बाटली बघ. टोकं एस्टरनं बंद केलेलं पीएलजीए असेल, तर ईडीसीला धरायला मोकळा कार्बॉक्सिल (आम्ल) गटच नाही. टोकाला आम्ल असलेलं मागव. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते करताना वापरलेलं पीव्हीए हे पॉलिमर पृष्ठभागावर उरलं, तरी ते गट झाकले जातात.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कुठला घेतलास? ट्रिस किंवा ग्लायसिन असेल, तर अँटिबॉडीच्या अमाइन (नायट्रोजनयुक्त) गटांऐवजी त्यांचेच अमाइन गट कणांवरच्या कार्बॉक्सिलला जोडले जातात. ईडीसीनं सक्रिय केलेला गट पाण्यात झटकन मोडतो, एनएचएसमुळे तो जरा तग धरतो. सक्रिय करणं एमईएस बफरमध्ये, ५ ते ६ पीएचला. अँटिबॉडी मात्र फॉस्फेट बफरमध्ये, ७.२ ते ७.५ला. ईडीसी ओल ओढतं. फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही बघ. ओलं पीएलजीए कोरड्यापेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं. नांदेडच्या मे महिन्यात वीज गेली आणि ओले कण टेबलावर राहिले, तर त्यांचे गोळे होतात. गोठवून वाळव आणि थंडीत ठेव.

कणांचा आकार तू लिहिलेला नाहीस. औषध शिरेतून द्यायचं असेल, तर तो आधी मोज. केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या. त्याहून मोठे कण फुप्फुसातच अडकतात, मग अँटिबॉडी कितीही पक्की बसलेली असो.