मनालीत पाऊस, सोलंगला बर्फ. मग लेह कोरडं कसं?

प्रश्न: जानेवारीत आम्ही मनालीला गेलो होतो. लेकीला बर्फ पडताना बघायचा होता, पण हॉटेलवर दोन दिवस नुसता पाऊस. तिथून तासाभराच्या सोलंगला मात्र गुडघाभर बर्फ! उंचीमुळे असं झालं म्हणावं, तर फेब्रुवारीत माझा भाऊ लेहला होता. मनालीहून दीड हजार मीटर उंच, आणि तिथले रस्ते कोरडे. पुढच्या वर्षी जायचं कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर: तो मनालीचा पाऊस मीही ऐकलाय. गिर्यारोहणाच्या कोर्सला गेलो होतो तेव्हा रात्रभर पत्र्यावर वाजत होता. सकाळी जरा उघडलं, तर समोरच्या उतारावर देवदारांच्या मधोमध आखल्यासारखी आडवी रेघ: खाली ओलं हिरवं, वर पांढरं. दुपारी पुन्हा आभाळ भरलं, तेव्हा आम्ही त्याच उतारावर चढत होतो. आधी पाऊस, मग जॅकेटवर पडताक्षणी विरघळणारा गिळगिळीत बर्फ, आणि आणखी तासाभराने बाहीवर तसेच टिकणारे कण. ढग तोच होता.

हिवाळ्यात अशा ढगांतून बहुतेक वेळा बर्फच सुटतो, खालच्या उबदार हवेत येईतो त्याचं पाणी होतं. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. मनाली २,०५० मीटरवर, सोलंग २,५०० च्या आसपास. म्हणजे फरक तीन अंशांचा. मनालीत २ अंश असतील तर सोलंगला पारा शून्याखाली, आणि तेवढ्यावर सगळं पालटतं. शिवाय एक सेंटिमीटर पावसाचं पाणी ताज्या बर्फाच्या रूपात पडलं तर दहा सेंटिमीटरांचा थर होतो, हवा फार थंड असेल तर त्याहूनही भुसभुशीत आणि जाड.

आता लेह. उंचीमुळे थंडी मिळते, पण वाफ कुठून तरी यावी लागते. हिवाळ्यातले हे ढग पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी प्रणालींबरोबर, भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात. वाटेत धौलाधार, पीर पंजाल या डोंगररांगा आडव्या येतात. हवा त्यांच्यावर चढते, गार होते आणि तिथेच रिकामी होते. आपल्याकडे महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि घाट उतरून वाईला हजारसुद्धा नाही, तसंच हे. लेहपर्यंत पोचेतो फार थोडं उरतं. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी.

तेव्हा ‘जितकं उंच तितका जास्त बर्फ’ हे एका मर्यादेपर्यंतच खरं. उणे २० अंशांच्या हवेत शून्य अंशाच्या मानाने पाचवा-सहावा हिस्सा वाफ मावते. म्हणून अतिउंच शिखरांवर नवा बर्फ उलट कमी पडतो. जुनाच वितळत नाही, म्हणून ती कायम पांढरी दिसतात.

लेकीसाठी मी गुलमर्ग सुचवेन. उंची २,६५० मीटर, आणि पीर पंजालच्या कुशीत असल्याने ढगांची वाट अडत नाही. जानेवारीच्या शेवटी जा, चार-पाच दिवस हाताशी ठेवा, आणि निघण्याआधी पश्चिमी विक्षोभाचा अंदाज बघा. तो यायच्या आदल्या दिवशीच वर पोचा, कारण बर्फ सुरू झाला की गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपासून पुढचा रस्ता अवघड होतो. नव्या बर्फानंतर एक-दोन दिवस तरी तिला उघड्या उतारांवर नेऊ नका, हिमकडे कोसळायचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो. हॉटेलच्या अंगणातही बर्फ तितकाच पडतो.